एका लिटरात ताम्हिणी

"दादा, एका लिटरात साठ दिले तर गाडी तुमची. न्हाईतर रविवारी भंगारवाला बोलवतो," किशोरनं अंगणातच बापाला सांगून टाकलं.

जयसिंगची मोटारसायकल सव्वीस वर्षांची होती आणि लिटरला कशीबशी चाळीस देत होती. किशोरनं त्याच्यासाठी चार्जिंगची स्कूटर बघून ठेवली होती. जयसिंगला ती नको होती. त्याची बायको आशालता जाऊन वर्ष झालं होतं, आणि ती ज्या गाडीवर मागं बसायची ती गाडी अजून चालत होती. ती भंगारात द्यायला तो तयार नव्हता.

"साठ देतो," जयसिंग म्हणाला आणि पौडच्या नाक्यावर गनी मिस्त्रीकडं गेला.

गनीनं कार्बोरेटर धुतला, चाकं मोकळी केली, टायरात हवा ठासून भरली. "आता वजन काढा, दादा."

कॅरियर निघालं, लेगगार्ड निघालं, एक आरसाही निघाला.

"साडीगार्ड काढू? दीड किलो हाय."

"त्याला हात लावायचा न्हाई."

मग दीड किलोची भरपाई म्हणून जयसिंगनं न्याहारी सोडली. सकाळी किशोरनं टाकी रिकामी करून मापानं एक लिटर ओतलं. ताम्हिणीपर्यंत जाऊन परत यायचं, म्हणजे साठ किलोमीटर.

"पंपावर थांबायचं न्हाई, दादा."

"पंपाकडं बघणार बी न्हाई."

जयसिंगनं प्रत्येक उतारावर इंजिन बंद केलं. एका उतारावर शाळेची पोरं सायकलवरून त्याच्या पुढं निघून गेली, तरी त्यानं किल्ली फिरवली नाही. ताम्हिणीच्या पाटीपाशी वळायचं आणि माघारी यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण गाडी आवाज न करता घरंगळत येताना रस्त्यावर उभ्या असलेल्या त्याच्या मेव्हण्यानं, हैबतरावानं पाहिली आणि धावत येऊन हँडल धरलं.

"बंद पडली व्हय, दाजी?"

"पडली न्हाई! मी बंद केलीया!"

"आता घरच्या माणसापुढं कशाला लाजताय?" म्हणत हैबतरावानं गाडी ढकलत थेट आपल्या अंगणात नेली.

आशालता गेल्यापासून जयसिंग तिच्या माहेरी आलाच नव्हता. आता न जेवता निघणं शक्यच नव्हतं. हैबतरावाची बायको सारजाबाई तीनदा वाढून गेली. जेवणानंतर दोघांनी त्याला बळंच आडवं केलं. उठून बघतो तर मागच्या सीटवर आंबेमोहोरचं तीस किलोचं पोतं दोरीनं आवळलेलं.

"वहिनी, वजन नको! माझी चाचणी हाय!"

"वन्सं संगं असत्या तर न्हेलं नसतं व्हय?"

जयसिंगनं दोरीची गाठ ओढून बघितली. पोतं घेऊन तो निघाला.

वाटेत गाडी निळा धूर सोडू लागली. जयसिंगला वाटलं, इंजिन गेलं. पण गाडी थांबेना. चाळीस झाले, पन्नास झाले, साठ झाले. दारात किशोर उभा होता. जयसिंग त्याच्यासमोरून तसाच पुढं निघून गेला. "कुटंवर जातीया बघतो!" पिरंगुटला वळसा घालून तो परत आला तेव्हा ऐंशी झाले होते.

किशोरनं गनीला फोन केला. गनीनं ज्याला त्याला सांगितलं आणि स्वतःही आला. दिवस मावळायच्या आत अंगणात सात जुन्या मोटारसायकली उभ्या होत्या, आणि जयसिंग प्रत्येकाला उतारावर किल्ली कधी फिरवायची ते समजावत होता. त्यात सारजाबाईच्या कालवणाचंही कौतुक चाललं होतं. दादा वर्षभरात एवढे बोलले नव्हते, हे किशोरच्या लक्षात आलं.

एवढ्यात हैबतरावाचा फोन आला. हातात पाना होता म्हणून जयसिंगनं तो स्पीकरवर घेतला.

"दाजी, पोचला न्हवं? धूर न्हाई ना आला? तुमी झोपल्यावर टाकी उघडून बघितली, तर तळ दिसत हुता. बहिणीचं मानूस तसं कसं धाडायचं? गवत कापायच्या मशीनचं दोन लिटर हुतं, ते ओतलं. त्यात थोडं ऑइल असतंय."

 मग एकेक गाडी चालू झाली आणि फाटकातून बाहेर पडली. गनी सगळ्यात आधी गेला.

जयसिंगनं पाना खाली ठेवला. "चाचणी रद्द. हैबतराव, उद्या परत येतुया. पन टाकीला हात लावायचा न्हाई!"

"न्हाई लावत. या तुमी. सारजा वडे करती म्हनली."

जयसिंग लगेच टाकीतलं पेट्रोल काढायला बसला. किशोरनं फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि गोठ्यामागं जाऊन हळूच म्हणाला, "मामा, टाका उद्या पण. फक्त साधं टाका, ऑइलवालं नको."