मांजर्लीतलं वाळवंट

या सगळ्या खटाटोपातून भीमराव शेजवळांना कच्छमधल्या एका संस्थेत बागप्रमुखाची जागा मिळायची होती. जागेबरोबर दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. शिवाय अंबरनाथचा कारखाना बंद पडल्यापासून ‘मग, हल्ली काय चाललंय?’ असं विचारणाऱ्यांना द्यायला एक उत्तर मिळणार होतं, आणि भीमरावांच्या लेखी तोच सगळ्यात मोठा नफा होता.

त्यासाठी वाळवंटी मुलखात बाग उभी करण्याचा टपाली अभ्यासक्रम पुरा करायचा होता. ‘पर्माकल्चर’ म्हणतात त्याला.

“म्हणजे काय?” चांगुणाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

“निसर्गाच्या कलानं घ्यायचं. आहे तेवढ्यात भागवायचं. सांडपाणीसुद्धा वाया घालवायचं नाही.”

“ते मी पंचवीस वर्षं करतेय. मला नाही कोणी सर्टिफिकेट दिलं.”

भीमरावांनी याकडे लक्ष दिलं नाही. अकरा धडे त्यांनी दोनदा वाचले होते. बाकी होतं ते प्रात्यक्षिक. एक वाफा चाळीस दिवस जगवायचा, त्याला कुठूनही मिळून रोज दहाच लिटर पाणी द्यायचं, आणि थेंबाथेंबाची वही ठेवायची. एकेचाळिसाव्या दिवशी परीक्षक येऊन वही आणि झाडं, दोन्ही तपासणार. कच्छची जागा ऑगस्टअखेर भरायची होती, त्यामुळे प्रात्यक्षिक जुलैतच सुरू करणं भाग होतं. आणि भीमराव राहत होते बदलापूरच्या मांजर्लीत, जिथे जिन्याच्या भिंतीवर दोन वर्षांपूर्वीच्या पुराची रेघ अजून होती.

“डिसेंबरात करा की,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“डिसेंबरात वाळवंट कोणीही करेल,” भीमराव म्हणाले आणि ताडपत्री आणायला उल्हासनगरला, कॅम्प चारला गेले.

दुकानदार लछमणदासने थान उलगडत विचारलं, “साईं, शादी है क्या?”

“शादी नाही. गच्चीवर वाळवंट करायचंय.”

लछमणदासने क्षणभर विचार केला. “डबल कोटिंगवाला लेके जाओ. सिंगल में वाळवंट टिकेगा नहीं.”

गच्चीसाठी सोसायटीचे सेक्रेटरी विष्णुपंत यांची परवानगी लागणार होती. ज्यांनी गच्चीवर कोणाला कुंडी ठेवू दिली नव्हती, त्या विष्णुपंतांनी पाच मिनिटांत सही केली. कारण साधं होतं. त्यांचा फ्लॅट बरोबर गच्चीखाली होता आणि पावसाळ्यात त्यांच्या दिवाणखान्यात चार पातेली मांडलेली असत. “फक्त ताडपत्री आमच्या हॉलच्या वर येईल असं बघा, शेजवळ,” ते म्हणाले. “शास्त्राला दिशेचं काही नसतं ना?”

बांबू उभे राहिले, ताडपत्री चढली. खाली विटांचा खोलगट वाफा झाला, त्यात गवार, चवळी, शेवगा आणि बोराचं एक रोप. वर पालापाचोळ्याचं जाड पांघरूण. एक जुलैला भीमरावांनी वहीत पहिला आकडा लिहिला. भोवती धो धो पाऊस, आणि मधे दहा बाय चार फुटांचं कोरडं राज्य.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या राज्यावर एक गोधडी लटकत होती.

“भाऊ, चार दिस झाले, वाळंना,” खालच्या मजल्यावरच्या कौसाबाई म्हणाल्या. “घरात वास सुटलाय. तुमच्या झाडांना तेवढीच सावली.”

भीमराव विष्णुपंतांकडे गेले. विष्णुपंत म्हणाले, “गच्ची सामाईक आहे, शेजवळ. दोरी बांधू नका असं मी कोणत्या नियमानं सांगू?” असं म्हणताना त्यांच्या हातात त्यांचेच दोन ओले लेंगे होते.

तीनच दिवसांत सोळाही घरांचे कपडे बांबूंना लागले. दोऱ्या सगळ्या वाफ्यावरूनच जात होत्या, कारण कोरडं तेवढंच होतं. चादरी गळत होत्या, गणवेश गळत होते, विष्णुपंतांचे लेंगे तर मन लावून गळत होते. दुसरा कोणी असता तर त्याने डोळे मिटून घेतले असते. भीमरावांनी भंगारवाल्याकडून ताणकाटा आणला.

ओला कपडा आधी तोलायचा, वाळल्यावर पुन्हा तोलायचा. फरकातला निम्मा वाऱ्याच्या खाती, निम्मा झाडांच्या. झाडांच्या खाती जेवढं चढेल तेवढं त्या दिवशीच्या दहा लिटरांतून कमी. प्रत्येक घराचं वेगळं पान.

“माझ्या चादरीतून सव्वा लिटर?” कौसाबाईंनी वही हिसकावून पाहिली. “म्हंजे मला पिळता येत न्हाई, असं म्हणायचंय का तुमाला?”

“मी काही म्हणत नाही. काटा म्हणतो.”

“आन् या विष्णुपंतांच्या घरचं अर्धा लिटर? त्या बाईच्या मनगटात एवढा जोर कधी आला?”

बातमी जिन्याने खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून इमारतीत पिळण्याची चढाओढ लागली. एकेका चादरीला दोन्ही टोकांनी दोघीजणी भिडल्या. विष्णुपंतांचा एक लेंगा तर त्यात फाटलाच. कपडे असे पिळून येऊ लागले की ते दोरीवर घातल्यावर थेंबही गळेना.

पण वही मात्र ठरल्याप्रमाणे निम्मं पाणी झाडांच्या खाती टाकतच होती, आणि तेवढं दहा लिटरांतून कापलं जात होतं. दहाव्या दिवशी चवळीने मान टाकली. गवार पिवळी पडली.

“अहो, झाडं मरतायत,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“हिशेब बरोबर आहे.”

“हिशेब बरोबर असेल. तहान लागलीय त्यांना.”

“नियम म्हणजे नियम. चाळीस दिवस मी मागे हटणार नाही.”

चांगुणाबाई धुणं भिजवायला गेल्या. दोन दिवसांनी चवळीने मान वर केली, आठवड्याने गवारीला फुलं आली. भीमरावांनी सातवा धडा पुन्हा वाचला आणि याचं श्रेय पालापाचोळ्याला दिलं.

एकेचाळिसाव्या दिवशी रेनकोट घातलेल्या परीक्षक मीनल दाते आल्या. वयाने त्या भीमरावांच्या मुलीएवढ्या. त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि दोनदा हसू दाबलं. “चारशे लिटरला चारशे लिटर. सोळा घरं, सोळा पानं. नाही, पंधराच पानं आहेत.” त्यांनी वर पाहिलं. “ही हिरवी साडी कोणाची? अजून गळतेय.”

“आमचीच,” भीमराव म्हणाले.

“ही वहीत नाही.”

“घरचं काय मोजायचं, मॅडम?” असं म्हणता म्हणताच त्यांचा आवाज खाली आला. ताणकाटा आणला गेला. साडी न पिळताच टाकलेली होती. वाळेपर्यंत कोण थांबणार, म्हणून तशीच दुसरी कोरडी साडी तोलली. फरक दोन किलोचा निघाला, म्हणजे निम्म्याने एक लिटर झाडांच्या खाती.

“किती दिवस?” मॅडमनी विचारलं.

“तीस,” चांगुणाबाई म्हणाल्या. “यांच्या झाडांना यांची वही पुरत नव्हती. तुम्हीच लिहिलंय ना, सांडपाणी वाया घालवू नका.”

भीमरावांनी स्वतःच पेन काढलं, सोळावं पान आखलं, वर ‘चांगुणा शेजवळ’ लिहिलं आणि खाली तीस लिटर मांडले. बेरीज चारशे तीस झाली. वही त्यांनी मॅडमच्या हातात दिली आणि बोराच्या रोपाकडे बघत उभे राहिले.

“नियमाने तुम्ही नापास,” मॅडम म्हणाल्या. “पण सर्टिफिकेट मी अडवून ठेवते, रद्द करत नाही. कच्छवाल्यांना सांगते, दोन महिने घेऊन बघा. तिथे हे तीस लिटर वाचवून दाखवा, मग पाठवते. फक्त वही तुमच्याकडे नको. ती बाईंकडे.”

सप्टेंबरात क्वार्टर मिळालं. तिथे कपडे दोरीवर घालेपर्यंत वाळत, गळण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या सकाळी भीमराव आंघोळीला निघाले, तर दाराशी चांगुणाबाई वही आणि एक लिटरचा मग घेऊन उभ्या.

“बादलीतून एक मग काढा. आज एक, असे तीस दिवस.”

“अगं, पाणी तर तू सांडलंस.”

“मी सांडलं म्हणून झाडं जगली. झाडं जगली म्हणून क्वार्टर आलं. आता बोला, देणं कोणाचं?”

भीमरावांनी मग भरला आणि बोराच्या नव्या रोपाला नेऊन घातला. विष्णुपंतांची पातेली स्वयंपाकघरात परतली, कौसाबाईंची गोधडी वाळली, संस्थेला बागप्रमुख मिळाला. आणि तीस लिटर तेवढे भीमरावांनी फेडले, साबण अर्धवट निघालेल्या अंगाने, तीस दिवस, एकही खाडा न करता.