लिफ्टवाल्याच्या प्रेमाचा दाखला

जे खरोखर घडते त्याला पटण्यासारखे असावे लागत नाही. ते घडून मोकळे होते. पटण्यासारखे असण्याची जबाबदारी फक्त न घडलेल्या गोष्टींवर असते, आणि ती त्यांनी नीट पार पाडावी म्हणून वाहिनीच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून विश्वसनीयता तपासणी कक्ष आहे.

कक्षात चार टेबले, एक टीव्ही, फरशीचा ओलावा मोजायचे एक यंत्र आणि एक तपासनीस बाई आहेत. (पाचवे टेबल मंजूर झाले आहे. ते येईल यावर मात्र खुद्द कक्षाचा विश्वास नाही.) विनोदी मालिकेतला कोणताही प्रसंग दाखवण्याआधी येथून दाखला घ्यावा लागतो. कक्षाचे आजवरचे काही निर्णय आदर्श मानले जातात. दाराला कान लावून ऐकलेले बोलणे पस्तीस मिलिमीटर जाडीच्या दारापर्यंत ग्राह्य. चष्मा काढल्यावर नवरा ओळखू न येणे ग्राह्य, मात्र चष्मा बायकोचा असावा. सात माणसांच्या घरात न्हाणीघरावरून एकदाही भांडण न होणे अग्राह्य, पण परंपरेने सूट.

तपासनीस बाई मूळच्या पदार्थविज्ञानाच्या. कक्षात येण्यापूर्वी त्या वजनमापे खात्यात होत्या आणि दुकानांतले तराजू-काटे तपासत. वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षापर्यंत त्यांनी एकही वाक्य अर्धवट सोडले नव्हते आणि कोणाचे अर्धवट राहिले तर ते पुरे करून घेतल्याशिवाय त्या जेवायला उठत नसत. घरात आई, धाकटा भाऊ आणि वहिनी. आई टीव्ही पाहताना बाईंना खोलीबाहेर बसवत असे, कारण बाई मध्येच "हे शक्य नाही" म्हणत.

आठ वाजताच्या मालिकेबद्दल तक्रार आली ती एका निवृत्त गणिताच्या गुरुजींची. या मालिकेत एक लिफ्टवाला आहे, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि त्याचे चौथ्या मजल्यावरच्या व्हायोलिनवालीवर प्रेम आहे. दोनशे बारा भाग झाले. या काळात तिने त्याला चहात मीठ घालून दिले, चौथ्या मजल्यावरून त्याच्या डोक्यात कुंडी पाडली, त्याला सलग एकतीस भाग प्लंबर समजून हाक मारली, आणि व्हायोलिन तर ती वाजवतेच. प्रत्येक वेळी तो कपाळाला हात लावून म्हणतो, "असं माणूस होणे नाही!"

गुरुजींनी लिहिले होते: "मनुष्य इतका आंधळा असू शकत नाही. असल्यास त्याच्या हातची लिफ्ट चालू शकत नाही. लिफ्ट चालते आहे. सबब प्रेम खोटे."

तर्क निर्दोष होता. कक्षप्रमुख साहेबांनी फाइल बाईंच्या टेबलावर ठेवली. "शनिवारपर्यंत निकाल द्या. नापास झाला तर दोनशे तेराव्या भागात त्याला बदलीवर पाठवू. लेखकाने बदलीचं गाव शोधून ठेवलंय."

"आणि पास झाला तर?"

"तर गुरुजींना भेटवस्तू म्हणून कॅलेंडर."

आता योगायोग म्हणजे (कक्ष वर्षाला दोन योगायोग मंजूर करतो, हा त्यातला पहिला) त्याच आठवड्यात बाईंना मागणी आली होती. मागणी घालणारे गृहस्थ काटे दुरुस्त करणारे होते. वजनमापे खात्यात असताना बाईंनी त्यांनी दुरुस्त केलेले काटे तीनदा नापास केले होते आणि चौथ्यांदा पास. तो चौथा शेरा काटेवाल्यांनी दुकानात चौकट करून लावला होता. रविवारी ते घरी आले, आईसमोर खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि म्हणाले, "मला विचाराल तर यांच्यात एकही दोष नाही."

आईच्या डोळ्यांत पाणी आले. बाईंच्या कपाळावर आठी आली.

"पुढच्या रविवारी कळवते," त्या म्हणाल्या.

ते गेल्यावर आईने कपबशा आपटल्या. "बेचाळीस वर्षं मी दोष सांगतेय ते पटत नाहीत. हा एकही नाही म्हणतो, तर त्याचंही पटत नाही. तुला पटतं तरी काय गं?"

"आई, काट्यावर काहीही ठेवलं आणि तो शून्यच दाखवत राहिला, तर तो प्रामाणिक नसतो. अडकलेला असतो."

"अडकू दे की! माणूस अडकल्याशिवाय का लग्न होतं?"

वहिनी तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ काहीतरी पडत राहिले.

बाईंनी विचार केला. लिफ्टवाल्याचा प्रश्न आणि काटेवाल्यांचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या एकच होता. एका प्रौढ, हाताने काम करणाऱ्या पुरुषाला एका बाईत काहीच उणे दिसत नाही, हे पटण्यासारखे आहे का? मालिकेला लावलेला निकष स्वतःला न लावणे हा पक्षपात झाला असता. म्हणून ठरले: लिफ्टवाला नापास झाला तर काटेवाले नापास. निर्णय त्यांनी वहीत लिहून खाली सही केली आणि मग दिवा मालवायला विसरल्या. असे पूर्वी कधी झाले नव्हते.

पद्धत पुढीलप्रमाणे. आपल्या माणसात आपल्याला किती दोष दिसतात, ते लिहायचे. त्याच माणसात शेजाऱ्यांना किती दिसतात, ते शेजाऱ्यांकडून घ्यायचे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचे. येईल तो मोहांक. मोहांक एक आला तर माणूस जागा आहे. शून्याकडे झुकला तर प्रेमात आहे. कक्षाने एकशे बारा जोडप्यांकडे अर्ज पाठवले. शेजाऱ्यांचे अर्ज त्याच दिवशी भरून आले. काहींनी पाकिटावर "तातडीचे" लिहिले होते.

पहिल्या दिवसाचे आकडे लिफ्टवाल्याच्या विरुद्ध जात होते. बाईंनी नमुना वाढवला. (शास्त्रात याला सखोलता म्हणतात.)

दरम्यान त्यांनी स्वतःचीही तपासणी करून घेतली. आईला कागद दिला, तिने आणखी एक मागितला. वहिनी म्हणाली, "इश्श, मी काय सांगणार ताई, तुम्ही मोठ्या," आणि पाच दोष क्रमवार सांगितले. कक्षप्रमुख साहेबांनी "काहीच नाही, काहीच नाही" म्हणत दोन पाने भरली. एकच दोष वेगवेगळ्या शब्दांत आला तिथे बाईंनी तो एकदाच धरला. दुसऱ्याने वाचायला घेतलेल्या वर्तमानपत्राची घडी सारखी करणे. समोरच्याची शिंक मोजणे. 'बघू' म्हणणे आणि त्याचा अर्थ 'नाही' असणे. वेळेवर येणे, आणि आपण वेळेवर आलो हे इतरांना विसरू न देणे. असे एकूण अकरा. यादी वाचून बाईंनी त्यात एका ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केले. तो बारावा धरावा का, यावर त्यांनी थोडा विचार केला आणि तो पहिल्या क्रमांकाच्या पोटात घातला.

शुक्रवारी निकाल हाती आला.

नुकत्याच प्रेमात पडलेल्यांचा सरासरी मोहांक शून्य पूर्णांक तीन शतांश निघाला. म्हणजे शेजाऱ्यांना शंभर दोष दिसत असतील तिथे यांना तीन, आणि त्या तिनांतही एक 'स्वतःची काळजी घेत नाही' हा. लिफ्टवाल्याला दोनशे बारा भागांत सत्तेचाळीस दोष दाखवले गेले होते. त्यातले दोन त्याला जाणवले. कुंडी पडल्यावर तो क्षणभर थबकला होता, आणि एकदा व्हायोलिन सुरू असताना त्याने खिडकी लावली होती. त्याचा मोहांक चार शतांशांच्या वर गेला.

थोडक्यात, लिफ्टवाला खऱ्या माणसांच्या मानाने फारच चिकित्सक होता. बाईंनी शेरा लिहिला: "पात्राचे प्रेम ग्राह्य. मात्र पात्र संशयी वाटते. थबकणे व खिडकी लावणे वगळावे."

तक्रारदार म्हणून गुरुजींनाही अर्ज गेला होता. त्यांनी दिवंगत पत्नीविषयी 'दोष' या रकान्यात "निरंक" लिहिले होते. त्यांच्या शेजाऱ्यांनी सहा पाने आणि एक पुरवणी जोडली होती. हे आकडे गुरुजींना कळवले, तेव्हा त्यांचे एका ओळीचे उत्तर आले: "प्रश्नच चुकीचा काढला आहे." कॅलेंडर त्यांनी ठेवून घेतले.

लिफ्टवाला पास झाला, म्हणजे काटेवाले पास झाले. पण बाई शनिवारभर तक्ता पुन्हा पुन्हा तपासत होत्या, कारण त्याची दुसरी बाजू त्यांनी पाहिली होती. लग्नाला सात वर्षे झालेल्यांचा मोहांक एकाच्या पुढे जात होता. पंचवीस वर्षे झालेल्यांचा जवळजवळ दोन होता. म्हणजे शेजाऱ्यांना न दिसणारे दोषही त्यांना दिसत होते, काही तर न केलेलेही. अडकलेला काटा कधी ना कधी सुटतो आणि सुटला की थेट टोकाला जाऊन आदळतो. अडकलेले काटे सगळीकडे असतात एवढे सिद्ध झाले होते. त्यातला एक घरात आणावा का, हे सिद्ध झाले नव्हते. आणि बाईंना तो आणावासा वाटत होता. हे कोणत्याही तक्त्यात बसत नसल्यामुळे त्यांनी दुपारी दोन वेळा टेबल पुसले.

रविवारी काटेवाले चाळीस मिनिटे उशिरा आले. आई आणि वहिनी आतल्या खोलीत गेल्या. (दार एकोणीस मिलिमीटर.)

बाईंनी कागद पुढे सरकवला. "तुम्ही एकही दोष नाही म्हणालात. तपासणीत अकरा निघाले. तुमचं विधान अकरा ठिकाणी चूक आहे. सर्वसाधारणपणे आढळणारं आहे, पण चूक आहे."

काटेवाल्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि यादीवरून बोट फिरवत खालपर्यंत आले. मग उलटून मागची बाजू पाहिली.

"अकराच?"

"का?"

"नाही, म्हणजे... मी तेरा मोजले होते."

आतल्या खोलीत काहीतरी पडले.

"तेरा," बाई म्हणाल्या. आवाज कसा कोण जाणे, नेहमीपेक्षा बारीक निघाला. "मग गेल्या रविवारी शून्य कसं सांगितलंत?"

"बाई, तुम्ही वजनमापे खात्यातल्या आणि हे मला विचारता? तेल तोलायचं तर आधी काय करतो आपण?"

"भांड्याचा धडा करतो."

"का?"

"भांड्याचं वजन मालात येऊ नये म्हणून. आधी रिकामं भांडं ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा, मग..." आणि येथे बाईंचे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा अर्धवट राहिले.

"तेच केलं. तेरा भरले, धडा करून घेतला, काटा शून्यावर आणला, आणि मग आलो मागणी घालायला. त्याआधी कशाला येईन? तीन काटे नापास केलेत तुम्ही माझे."

आईने दारापलीकडून "अगं, हो म्हण!" असे सांगितले. ते कुजबुजणे होते असे तिचे आजही म्हणणे आहे.

"वरचे दोन कोणते?" बाईंनी विचारले.

"सांगेन की. होकार आला की सांगेन."

"लेखी?"

"लेखी."

बाईंनी तात्पुरता होकार दिला. दोन दोषांची यादी सादर करण्याच्या अटीवर, एक वर्षासाठी, पुढे नूतनीकरण शक्य. लग्न झाले. काटेवाले अजूनही चाळीस मिनिटे उशिरा येतात आणि बाई अजूनही घड्याळाकडे बघून मग त्यांच्याकडे बघतात. यादी विचारली की ते "या आठवड्यात नक्की" म्हणतात. आठ वर्षे झाली. होकाराचे नूतनीकरण आठ वेळा झाले आहे. पहिल्या वर्षी बाईंनी स्मरणपत्र दिले होते, दुसऱ्या वर्षी आठवण केली, तिसऱ्या वर्षापासून त्या ते जाणूनबुजून विसरतात, आणि सातव्या वर्षी मोहांक काढायचा होता तेव्हा अर्ज सापडला नाही. एवढ्या शिस्तीच्या घरात तो कसा हरवला, हे कक्षाला पटलेले नाही.

काटेवाल्यांनी खरोखर तेरा मोजले होते, की समोरच्या कागदावर अकरा पाहून चटकन सुचेल तो पुढचा आकडा सांगितला, याची चौकशी कक्षाने केलेली नाही. प्रकरण खाजगी आहे. मात्र नियमानुसार ही हकिगत प्रसिद्ध करण्यापूर्वी वाचकांवर तपासून घेणे आवश्यक होते. ती साठ समंजस, शिकलेल्या, सहजासहजी न फसणाऱ्या माणसांना वाचायला दिली आणि 'मी तेरा मोजले होते' या वाक्यापाशी थांबवून विचारले, की या गृहस्थांविषयी आपले मत काय. साठही जणांनी "फार चांगला माणूस" असे लिहिले. हे तेरा दोष आहेत तरी कोणते, ते जरा दाखवा, असे एकानेही म्हटले नाही.

तुम्हीही म्हटले नाहीत. हसलात, आणि पुढे वाचत गेलात.