दोन खड्ड्यांचं अर्थिंग

गोव्यातल्या आमच्या मये गावात सकाळी घरोघरी तुळशीला पाणी घालतात. आमचे शेजारी आत्मारामबाब अर्थिंगला घालतात. तुळशीशेजारी खड्डा खणून, त्यात कोळसा नि मीठ भरून त्यांनी तांब्याची पट्टी पुरली आहे. रोज आंघोळ झाली की ओलेत्याने ते तिथे कळशी रिकामी करतात. तुळशीच्या वाट्याला उरलंसुरलं. "तुळस सुकली तर दुसरी लावूक येता," ते मला एकदा म्हणाले, "अर्थिंगाक तान लागली काय घात होता, मास्तर."

तीस वर्षं ते डिचोलीकडच्या एका खाणीत वायरमन होते. खाण बंद पडली, माणूस घरी आला, पण हौस काही बंद पडली नाही. बाकीच्यांचं एका अर्थिंगवर भागतं. यांनी विहिरीमागे दुसरा खड्डा खणला. आता हॉल तुळशीकडच्या खड्ड्यावर आणि स्वयंपाकघर विहिरीकडच्या. कशासाठी म्हणून विचारलं तर माझ्याकडे दयेने बघून म्हणाले, "देवाक दोन हात कित्याक असतत?"

माणसांनाही ते याच मापाने मोजतात. वाड्यातले दोघे भाऊ फणसावरून भांडले, तेव्हा यांचं निदान तयार होतं: "दोगांकय अर्थिंग नाय." मला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, तर म्हणाले, "चपला काढा नि मातयेर चला. प्रेशर आपसूक खाली उतरतला." मी चाललो. काटा मोडला तेवढाच.

तर अशा या माणसाच्या घरात कॉम्प्युटर घुमू लागला.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुदेश दोहाला एका हॉटेलात साउंडचं काम बघतो. माझाच विद्यार्थी. आई वारल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून जाण्यापूर्वी त्याने हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडून दिला, जोडीला दोन दणकट स्पीकर. शुक्रवारी त्याला सुट्टी, म्हणून अकराला त्याचा फोन कॉम्प्युटरवर यायचा. कॉम्प्युटर चालू करायला मला बोलावणं असायचं. मी जन्मभर इतिहास शिकवला, पण चार जणांचे अर्ज ऑनलाइन भरून दिल्यापासून वाड्यात मी तज्ज्ञ समजला जातो.

एका शुक्रवारी सुदेश म्हणाला, "बाबा, तुमच्याकडसून गूंऽऽ असो आवाज येता."

"माझ्या घरात? शक्यच नाय. तुझ्या हाटेलात असतलो."

पण आवाज आमच्याच बाजूला होता. स्पीकरला कान लावला की भुंग्याने आत बिऱ्हाड केल्यासारखं वाटे. आत्मारामबाबांचा चेहरा असा झाला, की जणू वैद्याच्याच घरी खरूज निघाली.

त्या दिवसापासून तीन महिने आमच्या वाड्याने शुक्रवार नावाचं व्रत केलं. आधी सगळ्यांनी आपापले मोबाइल हॉलबाहेर ठेवायचे. मग खालच्या सुपारीच्या कुळागरातला पंप बंद. मग घरोघरचे फ्रिज बंद. माझ्या बायकोला माशांच्या हुमणाचं वाटप अर्धं झालं असताना मिक्सर थांबवायला लावला. ती खिडकीतून ओरडली, "आता हुमण पण त्यांकाच करूक सांगा!" एकदा तर त्यांनी मेन स्विचच पाडला आणि विजयाने म्हणाले, "बगा, गेलो आवाज!" कॉम्प्युटरही गेला होता, हे मी हळूच सांगितलं.

दोहाहून सुदेश सांगत राही, "बाबा, स्पीकरची वायर विजेच्या वायरीपासून लांब घ्या." बाबा टेबलाखाली रांगत जात, तिथूनच ओरडत, "आता?" "थोडो कमी झालो." "थोडो म्हणजे किती? खाणीत असा चालणा नाय!" मग स्क्रू कसे आवळायचे, यावर बापलेकांची जुंपे. दीड तास कुठे जाई ते कळत नसे.

मी मात्र चकित होऊन बघायचो, कारण या दोघांना मी पूर्वीपासून ओळखत होतो. शाळेत निकालाच्या दिवशी बाप यायचा, सही करायचा आणि जायचा. घरी "जेवलास?" आणि "हं" एवढाच व्यवहार. बाकीचं सगळं बोलणं मधे आईकडून व्हायचं. आई गेली आणि ती वाटही बुजली.

आवाजाचा उगम शेवटी मला सापडला, तोही पाय अडकल्यामुळे. टेबलाखाली वाकलो तेव्हा दिसलं, की कॉम्प्युटरची पिन हॉलच्या बोर्डात आहे आणि स्पीकरची, बाबांनीच कधीतरी एक्स्टेन्शन लावून, थेट स्वयंपाकघरात. मी स्पीकरची पिन काढून हॉलच्या बोर्डात घातली. गूं बंद.

काय केलं ते सांगितल्यावर सुदेश पलीकडून हसला. "बाबा, दोन खड्डे! कॉम्प्युटर एका अर्थिंगवर नि स्पीकर दुसऱ्यावर. मधल्या वायरीतसून दोगांची ओढाताण चालता, तोच घुमता."

आत्मारामबाब टेबलाखाली जाऊन पिन बघून आले. मग म्हणाले, "म्हणजे अर्थिंग जास्ती झाला?" हे वाक्य उच्चारताना त्या माणसाला काय यातना झाल्या, त्या मीच पाहिल्या.

पुढच्या शुक्रवारी आवाज स्वच्छ.

"आयकूक येता?"

"येता, बाबा. एकदम साफ."

"बरा. जेवलास?"

"हं. तुमी?"

"हं."

मग दोघेही पडद्यावर एकमेकांकडे बघत बसले. चौथ्या मिनिटाला फोन संपला. आत्मारामबाब काळ्या पडद्यासमोर तसेच बसून राहिले. मला उगीचच अपराधी वाटलं. कुणी सांगितलं होतं मला टेबलाखाली वाकायला?

त्यानंतरच्या शुक्रवारी मी दारात पाऊल ठेवलं तोच, गूंऽऽ! आत्मारामबाब माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत इलो, मास्तर. काय कळना नाय." मला कळलं होतं. एक्स्टेन्शनची वायर पायपुसण्याखालून स्वयंपाकघराकडे गेली होती. मी पायपुसणं पायानेच नीट केलं आणि म्हटलं, "हवा दमट असा, त्यामुळे असतला." इतिहासाच्या मास्तराला एवढी थाप चालते. सुदेशचा फोन आला आणि बाप रांगत टेबलाखाली गेला. त्या दिवशी पावणेदोन तास झाले. बोलण्यात आईची गोष्टही निघाली. ती मिक्सर लावायची तेव्हा रेडिओ कसा खरखरायचा, हे आठवून दोघेही हसले.

घरी येऊन टेकतो तोच मोबाइलवर सुदेशचा निरोप आला.

"सर, बाबांनी पिन परत स्वयंपाकघरात घातली ना? माझं कामच ते आहे, ऐकल्याबरोबर कळलं. त्यांना सांगू नका. पुढच्या शुक्रवारी मी त्यांना सगळे बोर्ड उघडून बघायला सांगणार आहे. दोन तास सहज जातील."

वाचून मी खिडकीपाशी गेलो. बाहेर आत्मारामबाब भर दुपारी कळशी घेऊन विहिरीमागच्या, स्वयंपाकघराच्या खड्ड्याला पाणी घालत होते. सकाळी एकदा घातलं होतं, तरी.