ऐंशी किलोंचा मुष्टियोद्धा

वाचकहो, वजन कसे करावे हे मला कोणीही शिकवू नये! कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी एकोणीस वर्षे मुकादम आहे. ज्या वजनकाट्यावर चाळीस टनांचा ट्रेलर निमूटपणे आपले वजन कबूल करतो, त्याच्यापुढे माणसाच्या देहाची ती काय कथा?

माझे परममित्र उदयसिंह हे आमच्या शेजारील ट्रान्सपोर्ट कचेरीचे व्यवस्थापक. वय वर्षे चोपन्न. विवाहापूर्वी त्यांनी जिल्हा संघातून मुष्टियुद्ध गाजवले होते. पनवेलमध्ये चाळिशीपुढील हौशी मुष्टियोद्ध्यांची स्पर्धा जाहीर झाली आणि सव्वीस वर्षे निद्रिस्त असलेला हा सिंह खडबडून जागा झाला! पहाटे पाच वाजता ते गाढी नदीच्या पुलापर्यंत धावत. सायंकाळी गोदामात टांगलेल्या भुशाच्या पोत्यावर असे काही तुटून पडत, की मला त्या पोत्याची दया येई. या वयातील ती जिद्द पाहून मी मनोमन त्यांना वंदन करीत असे.

सुमतीवहिनींनी मात्र अट घातली होती.

"एकच लढत! त्यानंतर हातमोजे भंगारात. घ्या शपथ!"

उदयसिंहांनी देवघरासमोर शपथ घेतली. सव्वीस वर्षांची सारी भूक त्या एका लढतीत भागवायची होती!

त्यांचे नाव ऐंशी किलोंपर्यंतच्या गटात नोंदवले. वजनाची जबाबदारी अर्थातच माझी! दर सोमवारी मी त्यांना ट्रकच्या काट्यावर मधोमध उभे करी. पहिल्या सोमवारी ऐंशी. दुसऱ्या सोमवारी ऐंशी. तिसऱ्या सोमवारी ते चोरट्या आवाजात म्हणाले, "महादेवा, काल बहिणीकडे सहा पुरणपोळ्या झाल्या रे."

मी आकडा पाहिला. ऐंशी!

"साहेब, हा देह नव्हे, ही पोलादी तुळई आहे! आणखी चार खाल्ल्या असत्या तरी चालले असते!"

पुढील तीन आठवडे त्यांनी माझा शब्द खाली पडू दिला नाही.

स्पर्धेच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या सभागृहात संयोजिका कादंबरी मॅडम यांनी त्यांना लहानशा काट्यावर उभे केले.

"चौऱ्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम."

"आपला काटा बिघडलेला दिसतो," मी नम्रपणे म्हणालो. "आमच्या काट्यावर ट्रेलर तोलले जातात."

"ट्रकचा काटा?" मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, तो दहा-दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतो! शहात्तरचा माणूसही ऐंशी आणि चौऱ्याऐंशीचाही ऐंशीच!"

उदयसिंहांनी माझ्याकडे पाहिले. "महादेवा, मग मी पुरणपोळ्या कोणाच्या भरवशावर खात होतो?"

मी घाईघाईने मॅडमना वरच्या गटाविषयी विचारले.

ऐंशीच्या वरच्या गटात एकच स्पर्धक प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत बसला होता. उरणचा इंद्रजीत! वय एक्केचाळीस, वजन एकशे अकरा. तो उभा राहिला आणि खिडकीतून येणारा उजेड बंद झाला. वहिनींनी पर्स काखोटीला मारली.

"चला घरी! मला माणूस आख्खा न्यायचा आहे."

इंद्रजीत मनाने फार कोवळा. तो म्हणाला, "काका, भिऊ नका. आमी हलूच मारू. आमचे घरात पन बाप हाय."

हे ऐकताच उदयसिंहांचे कान लाल झाले. "हळू मारलेस, तर मी तसाच खाली उतरेन. पूर्ण ताकदीने मार!"

काय वर्णावे, वाचकहो! पहिल्या फेरीत इंद्रजीतचे हात क्रेनच्या आकड्यासारखे हवेत फिरत होते आणि उदयसिंह त्यांच्या खालून वाऱ्यासारखे निसटत होते. दुसऱ्या फेरीत त्यांचा डावा हात बोलू लागला. तिसऱ्या फेरीत इंद्रजीत ट्रेलरच्या एअर ब्रेकसारखा फुसफुसत होता! सभागृहातील तरुण मंडळी उभी राहिली. सुमतीवहिनी तर चक्क खुर्चीवर चढल्या होत्या!

"अहो, डावा! डावा मारा! त्याची बरगडी मोकळी आहे!"

साहेबांचा डावा बरोबर तेथेच बसला. इंद्रजीत मटकन गुडघ्यावर आला!

मी कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभा होतो. आनंदाने माझे भान हरपले. बाजारात क्रेनवाल्याला माल उचलण्याची खूण करताना मी पंचा डोक्यावर गरगर फिरवतो. एकोणीस वर्षांची सवय ती! मी टॉवेल फिरवला. "उचला, साहेब, उचला!" टॉवेल घामाने ओला झाला होता. तो हातातून सुटला आणि रिंगणाच्या मधोमध जाऊन पडला.

रेफरींनी दोन्ही हात हलवून लढत थांबवली. "उदयसिंहांच्या कोपऱ्यातून टॉवेल आला. हार मान्य!"

"नाही हो! तो आनंदाचा टॉवेल आहे!" मी ओरडलो. परंतु नियमावलीत आनंदाच्या टॉवेलची तरतूद नव्हती.

"मी जिकलो?" गुडघ्यावरूनच इंद्रजीतने विचारले. "मंग आधी मना उभा करा!"

त्याला हात देऊन उभे केले ते उदयसिंहांनीच. त्याचा हात विजेता म्हणून उंचावला तोही त्यांनीच. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. ते माझ्याशी बोलत नव्हते, ही गोष्ट निराळी.

बाहेर आल्यावर त्यांनी हातमोजे वहिनींपुढे धरले. "घे. शपथ म्हणजे शपथ. एक लढत झाली."

"झाली?" वहिनी कडाडल्या. "अकरा सेकंद बाकी होते! अपुरी लढत मी मोजत नाही." त्यांनी मोजे पर्समध्ये कोंबले. "पुढची स्पर्धा माघात आहे. मॅडमना विचारून आले मी. आणि कोपऱ्यात मी उभी राहणार!"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "भावोजी, त्या दिवशी तुम्ही पनवेलच्या हद्दीत दिसता कामा नये."

मी तत्काळ वचन दिले. उदयसिंहांनी ते माझ्याकडून पुन्हा दोनदा वदवून घेतले.