सर्वांत खोल माशाची वास-तपासणी

माणसाने काय खाल्ले यावरून त्याची पायरी ठरते आणि ते कुठे खाल्ले यावरून त्याची अक्कल. या दोन्ही कसोट्यांवर बडोद्याची पुण्यप्रभा सोसायटी आजवर पहिल्या वर्गात उत्तीर्ण होत आली आहे. चौसष्ट फ्लॅट, दोन लिफ्ट (पैकी एक चालू) आणि नियम चौदावा : सोसायटीच्या हद्दीत मासे, मटण, अंडी आणू, शिजवू वा खाऊ नयेत. हा नियम एकदाही मोडला गेलेला नाही. करजणच्या हायवेवर एक हॉटेल आहे, रविवारी तिथे जाऊन तो पाळला जातो.

त्या हॉटेलची शिस्तही वाखाणण्याजोगी. तिथे भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि शेजारच्या टेबलावर ओळखीचे कोणी असले तर ओळखायचे नाही. सेक्रेटरी लक्ष्मीकांत टिपणीस आणि कमिटी मेंबर उदयसिंहराव तिथे गेली कित्येक वर्षे पाठीला पाठ लावून सुरमई खात आले आहेत. सोमवारी बागेतल्या बाकावर दोघे गुडघेदुखीबद्दल बोलतात.

लक्ष्मीकांत कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले. फ्लॅट घेतला तेव्हा मासे खाणाऱ्यांतले आडनाव ऐकून कमिटीच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, म्हणून त्यांनी लेखी हमी दिली आणि पुढे सगळ्यांपेक्षा कडक झाले. वास-तपास समितीचे ते तहहयात प्रमुख. कुणाच्या स्वयंपाकघराची तक्रार आली की ते दारात उभे राहून एक श्वास घेत आणि सांगत, "सुका बोंबील नाही, हिंग करपलाय." निदान कधी चुकले नाही. बोंबलाला कधी न शिवलेल्या माणसाला हा फरक कसा कळतो, असे कुणी विचारले नाही. (विचारायला आधी विचारणाऱ्याला बोंबील माहीत असावा लागतो.)

अशा घरी चार वर्षांनी मोहना आली. टिपणिसांची एकुलती एक लेक. समुद्राच्या तळाला ज्या दऱ्या आहेत, त्यांत आठ किलोमीटर खोलीवर राहणाऱ्या माशांचा ती अभ्यास करते. चार वर्षे आईबापांना ती फोनवरच दिसली होती. आता आठ महिने बडोद्यात काम मिळाले होते. आई शालिनीबाईंनी पडदे दोनदा धुतले. लक्ष्मीकांतनी नवी गादी आणली आणि जुनी खराब झाल्याचे कारण सांगितले. आठ महिने पोरगी घरात राहणार, या विचाराने त्यांना सकाळी उठल्या उठल्या बरे वाटू लागले होते.

प्रयोगशाळेत मोहनाला नेमणूक मिळाली होती, टेबल मात्र मंजुरीत अडकले होते. तोवर ती घरीच जेवणाच्या टेबलावर, लोणच्याशेजारी बरणी ठेवून माशाच्या परांचे काटे मोजत बसे. करंगळीएवढा, गुलाबी, बिनखवल्यांचा मासा. शेजारणीने उघड्या दारातून तो पाहिला आणि संध्याकाळपर्यंत सभेची नोटीस लागली.

सभेपुढचा पेच खरोखर गहन होता. नियमात आणणे, शिजवणे, खाणे होते, अभ्यासणे नव्हते. एका सभासदाने सुचवले की इतक्या खोलचा मासा हा मासा न धरता कंदमूळ धरावा. दुसऱ्याने हरकत घेतली की कांदा-लसूण न खाणाऱ्या सभासदांची त्याने अडचण होईल. शेवटी मोहनालाच माहिती द्यायला सांगितले.

"जितकं खोल जावं तितका दाब वाढतो," मोहना म्हणाली. "त्या दाबाखाली टिकायला माशाच्या अंगात एक द्रव्य असतं. जितका मासा खोलचा, तितकं ते जास्त. मासा मेल्यावर जो वास येतो ना, तो त्याचाच."

म्हणजे जगातला सर्वांत वासट मासा पुण्यप्रभेत राहायला आला होता.

"लक्ष्मीकांतभाई, तमे सूंघो," अध्यक्ष धवलभाई म्हणाले.

बरणी उघडली. पहिला वास आला तो माशाचा नव्हे, स्पिरिटचा. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे हा वास कुणाच्या ओळखीचा असण्याचे कारण नव्हते. तरी पुढच्या रांगेतल्या सात जणांचे चेहरे एकाच वेळी जुना मित्र भेटल्यासारखे उजळले आणि लगेच विझले. लक्ष्मीकांतना दोन्ही वास स्वच्छ कळले. कोणताही एक सांगितला असता तर तो कुठून माहीत, हेही सांगावे लागले असते.

"कसलाच वास नाही," ते म्हणाले.

धवलभाईंनी बरणी घेतली. "मने पण कंई वास नथी आवती," असे म्हणून त्यांनी नाक जरुरीपेक्षा थोडे जास्त वेळ तिथे ठेवले. उदयसिंहरावांनी खात्रीसाठी दोन श्वास घेतले. "पाणी असावं," ते म्हणाले.

"सत्तर टक्के स्पिरिट आहे, काका," मोहना म्हणाली. हे कुणी ऐकल्याची नोंद नाही.

मासा निर्दोष सुटला. राहता राहिला शेवटचा प्रश्न. तो राहायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, प्रत्येक जण 'ना' म्हणतो आणि मग चहा येतो.

"बेन, तमे पोते तो नथी खातां ने?" मोहना स्वतः तर खात नाही ना, असे धवलभाईंनी विचारले.

"खाते की," मोहना म्हणाली. "आमच्याकडे सगळेच—" आणि ती थांबली. बाबांकडे बघत राहिली. उरलेले वाक्य तिने त्यांच्यासाठी ठेवले होते.

सगळी सभा लक्ष्मीकांतकडे वळली. उदयसिंहराव तेवढे पंख्याकडे पाहत होते. लक्ष्मीकांतना नवी गादी आठवली, पडदे आठवले. घशाशी आलेले 'मीही खातो' एवढे दोन शब्द त्यांनी गिळले.

"चार वर्षं बोटीवर होती," ते म्हणाले. "तिथे सवयी बिघडतात."

मोहनाने बरणीचे झाकण घट्ट लावले.

ठराव असा झाला : सदर मासा वासरहित असल्याने त्यास राहण्यास हरकत नाही. कुमारी मोहना हिने मात्र आठ दिवसांत अन्यत्र सोय पाहावी. एकमताने मंजूर. त्या एकमतात लक्ष्मीकांतचाही हात होता, आणि तो वर करताना आपण पोरीला गमावतो आहोत हे त्यांना पुरते कळत होते. मोहना आठ दिवस थांबली नाही. शालिनीबाईंनी नवी गादी तिच्याबरोबर टेम्पोत चढवली आणि मागोमाग स्वतःही चढल्या.

लक्ष्मीकांत आता एकटेच राहतात. त्यांचा ज्यांना राग आला असेल त्यांच्या माहितीसाठी : पुण्यप्रभेत तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा आहे. हवेशीर, पाणी चोवीस तास. अध्यक्ष एकच प्रश्न विचारतात, आणि त्याचे उत्तर तुम्हाला तोंडपाठ आहे.