खोली क्रमांक चौदा खाली उतरते

खोली क्रमांक चौदा सोमवारी दुपारी तीन जिने उतरून खाली आली आणि फुटपाथवर शेवंताबाईंच्या शेजारी टेकली. वाटेत तिने कुणाला धक्का लावला नाही. वर तिच्या जागी तेवढं आभाळ दिसू लागलं. शेजारच्या चौगुलेवहिनींनी लगेच तिथं कुरडया वाळत घातल्या.

दोष खोलीचा नव्हता. खानावळीत लसूण सोलून जे मिळतं त्यात बसेल अशा भाड्याची ही खोली हाती आली, तेव्हा शेवंताबाई आनंदाने ढसाढसा रडल्या होत्या. पण नऊ वर्षं पुलाखाली काढलेली. कान उघडे ठेवून पडायचं, काठी बसायच्या आत उठायचं, हीच सवय. बंद दारापलीकडचं काही कळेना, जीव घाबरा व्हायचा, आणि त्या गोधडी उचलून फुटपाथ गाठायच्या. निवारा कचेरीचा नियम मात्र कडक. महिनाभर खोलीत कुणी राहिलं नाही, तर खोली परत. सव्वीस दिवस सरले होते.

"तू कशाला आलीस गं?" शेवंताबाई म्हणाल्या. "माझ्यापायी तुझी बी आबदा."

खोलीने दार किलकिलं केलं. खोल्या यापेक्षा जास्त बोलत नाहीत.

त्या दिवशी तिने नुसती सावली दिली. मंगळवारी खिडकी त्यांच्या उशाशी आणून ठेवली. बुधवारी एक भिंत पाठीला लागली, तेव्हा शेवंताबाई "जरा सरक" म्हणाल्या आणि ती मुकाट सरकली. गुरुवारी दोघी नुसत्या बसून राहिल्या. शुक्रवारी बाई दमूनभागून आल्या, पडल्या पडल्या त्यांचा डोळा लागला, आणि वाकळ ओढावी तशी खोलीने स्वतःला त्यांच्यावर ओढून घेतलं. आतली कडी तेवढी त्यांच्या हाताशी ठेवली.

त्याच दुपारी कचेरीचे तपासनीस बिडकर तिसऱ्या मजल्यावर पोहोचले. पाहतात तर कुरडया.

"खाली गेलीय," चौगुलेवहिनी म्हणाल्या. "बाईंना वर झोप येत नव्हती ना."

बिडकरांनी जिन्यातच नियमावली काढून वाचली. "बाईंनी खोलीत राहावं असं आहे. खोलीने कुठं राहावं, याबद्दल काही लिहिलेलं नाही."

ते खाली आले. फुटपाथवरच्या माणसाला बुटाच्या टोकाने उठवण्यात त्यांची बारा वर्षं गेली होती. इथं मात्र दार होतं. त्यांनी शर्ट नीट केला आणि कडी वाजवली.

आत शेवंताबाई दचकून उठल्या, गाठोडं छातीशी धरलं. कडी पुन्हा वाजली, हळूच. इतक्या वर्षांत त्यांना उठवण्याआधी कुणी विचारलं नव्हतं. त्यांना नवल वाटलं, आणि मग फार बरं वाटलं.

"कोण हाय?"

"तपासनीस बिडकर. आत येऊ का?"

शेवंताबाईंनी विचार केला. "आत्ताच डोळा लागलाय, सायेब. घटकाभर थांबा."

"बरं," बिडकर म्हणाले. कागदावर 'राहतात' असं लिहून त्यांनी सही केली आणि उन्हात फुटपाथवर मांडी घातली. जरा वेळाने आतून घोरणं ऐकू येऊ लागलं.

तेवढ्यात भंगारवाला ओरडत आला. बिडकरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"अहो, हळू. घरात बाई झोपल्यात."