सामाईक फोल्डरमधले साप

सुट्टीच्या दुपारी गुपचूप झोपायचं सोडून कारकूनसाहेबांनी ठरवलं, आज लॅपटॉप साफ करायचा. घरातलं दुसरं काहीही साफ करायला सांगितलं की त्यांची पाठ धरते, पण कॉम्प्युटर म्हटला की अंगात बळ येतं.

लॅपटॉप विंडोजचा. आतल्या खोलीत बायकोचा कॉम्प्युटर होता, तो लिनक्सचा. ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. या दोन कॉम्प्युटरांचं आपसात काही जमेना, तेव्हा साहेबांनी व्हिडिओ बघून बघून आणि बायकोला विचारून विचारून (हा दुसरा भाग ते ऑफिसात सांगत नसत) तिच्याकडचा एक फोल्डर दोघांत सामाईक केला होता. तो त्यांच्या लॅपटॉपवर बसल्या जागी उघडायचा. या पराक्रमाला सहा-सात महिने झाले तरी ते भेटेल त्याला ऐकवत होते.

तर लॅपटॉप उघडतात तो काय, एका ड्राइव्हची पट्टी लालभडक. जागा संपत आलेली. आत पाहिलं तर साप! वेटोळी घातलेले, फणा काढलेले, ठिपक्यांचे, पट्ट्यांचे. बायकोच्या नव्या पुस्तकाची सगळीच्या सगळी चित्रं. एकेक साप अजगरासारखा जागा गिळून बसलेला.

‘हिची चित्रं हिच्याकडे आहेतच. ही नक्कल माझ्या डोक्यावर कशाला?’ साहेबांनी विचार केला (इथेच घात झाला). त्यांनी फोल्डरमधलं सगळं निवडलं आणि डिलीट दाबलं. ‘कायमचं काढून टाकायचं का?’ असं विंडोजने अदबीने विचारलंही. साहेबांनी ‘होय’ दाबलं. लग्नाला होकार देतानाही ते इतके झटपट बोलले नव्हते.

आणि आतून किंकाळी आली.

“माझे साप कुठे गेले?”

बाहेर सासरे पेपर वाचत बसले होते. चार दिवस राहायला आलेले. त्यांचे दोन्ही पाय टुणकन सोफ्यावर गेले.

“साप? किती आहेत?”

“सगळे गेले, बाबा!”

“अगं, पण गेले कुणीकडे?”

“फोल्डरमध्ये होते हो!”

“तिथे ठेवलेच कशाला?” म्हणत सासरे पेपराची सुरळी करून सोफ्यावर उभे राहिले.

साहेब आतल्या खोलीत धावले. “अगं, तुझ्याकडे असतीलच. मी फक्त माझ्याकडची कॉपी पुसली.”

“तुझ्याकडची कॉपी?” बायको खुर्चीतून उठली. “तुझ्याकडे कॉपी नव्हतीच! तिकडून तुला माझं कपाट दिसत होतं. तू खिडकीतून हात घालून माझं कपाट रिकामं केलंस!”

“रिसायकल बिनमध्ये असतील ना?”

“नेटवर्कवरून पुसलेलं तिथे जात नाही!”

साहेबांनी तरी बिन उघडून पाहिलं. त्यात त्यांचाच रजेचा एक जुना अर्ज पडला होता. चित्रं संध्याकाळी छापखान्यात जायची होती, नाहीतर प्रकाशक ते पुस्तक दुसऱ्याला देणार होता. पहिल्यांदाच तिचं नाव कव्हरवर येणार होतं. मान मोडेपर्यंत ती त्या सापांचे खवले रंगवत बसायची, हे आठवून साहेबांना स्वतःचीच लाज वाटली.

मग एकदम तिने कपाळावर हात मारला. “अरे, थांब!”

तिने भराभर काहीतरी टाइप केलं. “फोल्डर सामाईक केला ना, त्याच दिवशी मी इकडे एक लपलेली कचरापेटी लावली होती. तिकडून तू पुसलंस की इथे येऊन पडतं. उघडायची वेळ आली नाही, म्हणून विसरूनच गेले होते.”

“म्हणजे तुला माझ्यावर भरवसा नव्हता?”

“पुरेपूर होता. म्हणूनच तर लावली.”

साप होते! एकूण एक, शेपटीसकट. तिने ते तिथल्या तिथे छापखान्याला धाडले आणि साहेबांच्या जिवात जीव आला. आता धोका नाही असं कळल्यावर सासरेही सोफ्यावरून उतरून आत आले.

“पण हे खाली काय आहे?” बायको म्हणाली. साप संपले तरी पेटीतली यादी संपत नव्हती.

सासऱ्यांनी चष्मा वर केला. “अरे, ही माझी बासरी! मी रेकॉर्ड करून तुमच्या त्या सामाईक फोल्डरात ठेवायला पाठवलेली! जावईबापू, तुम्ही तर म्हणाला होतात, विंडोज आणि लिनक्सच्या भांडणात ती गेली?”

साहेब आगीतून निघून नेमके फुफाट्यात पडले होते.

“ते... चुकून दाबलं गेलं असेल.”

“दर वेळी?” बायकोने यादी खाली खाली सरकवत विचारलं. “बाबांनी पुन्हा पाठवली की पुन्हा चुकून?”

सासऱ्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते. “म्हणजे एकही सूर वाया गेला नाही तर! पोरी, मी नवीन वाजवलेलंही आणलंय बरं का. ते कुठे ठेवू?”

“सरळ या कचरापेटीतच टाका, बाबा,” बायको स्पीकरची पिन खोचत म्हणाली. “या घरात याचा हात न पोचणारी तेवढी एकच जागा आहे.”